ओपन सोर्सचे मेळावे : हजेरी मोजू नका, हातून झालेले काम मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर ‘सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळला जातो. त्याच्या आगेमागे आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि संगणक महाविद्यालयांत ओपन सोर्सवरच्या, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवरच्या, कार्यशाळांची रांग लागते. दीपप्रज्वलन होते, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास सांगितला जातो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि सभागृहभर मुले घरी जातात. सोमवारी त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर कुठल्या प्रकल्पात एक ओळ जमा झालेली नसते. मुलांची इच्छा असते, संयोजकांची धडपडही खरी असते. चुकते ती आखणी, आणि ती सुधारण्यासारखी आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

पुण्यामुंबईला हे क्षेत्र नवे नाही. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतला ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा कित्येक वर्षे भरला. २०११ च्या सप्टेंबरात पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ‘पायकॉन इंडिया’ परिषद पुण्यात झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोरा या लिनक्स-प्रकल्पाची ‘फडकॉन’. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठीसह भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे तयार केले. यातल्या ‘फडकॉन’च्या रचनेकडे नीट पाहावे. तिथे व्याख्यानांच्या बरोबरीने हॅकफेस्टसाठी, म्हणजे एकत्र बसून प्रत्यक्ष काम उरकण्यासाठी, वेळ राखलेला असे. अमेरिकेतल्या पायकॉनमध्येही भाषणे संपली की पुढे काही दिवस नुसते स्प्रिंट, म्हणजे अशाच कामाच्या बैठका, चालतात आणि नवे लोक प्रकल्पात रुळतात ते बहुतेक तिथेच. आपण भाषणे उचलली आणि स्प्रिंट सोडून दिले.

प्रसार म्हणजे गर्दी हा समज कुठून आला, तेही समजण्यासारखे आहे. २००४ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरच्या ‘स्प्रेड फायरफॉक्स’ मोहिमेने स्वयंसेवक आणि ब्लॉगलेखकांच्या जोरावर पैसे उभे केले आणि १६ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. देणगी देणाऱ्या सुमारे दहा हजार जणांची नावे तीत छापली होती. पुढे १७ जून २००८ पासूनच्या चोवीस तासांत फायरफॉक्स ३ च्या ८०,०२,५३० प्रती उतरवल्या गेल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. तयार वस्तूला वापरणारे मिळवायचे असतील तेव्हा अशी गर्दी उपयोगी पडते. पण प्रकल्पाला हातभार लावणारे हवे असतील तर हीच रीत उलटते. २०२० च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑनलाइन उपक्रमात ते सगळ्यांनी पाहिले. चार पुल रिक्वेस्ट (प्रकल्पात बदल सुचवणारे प्रस्ताव) पाठवा, टी-शर्ट मिळवा अशी ती योजना होती. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या ‘रीडमी’ फाइलमध्ये एखादे विशेषण घालून पाठवलेल्या निरर्थक बदलांचा इतका पूर आला की पहिल्या तीन दिवसांतच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाने आपणहून नाव नोंदवले असेल त्यालाच बदल पाठवायचा आणि तो स्वीकारला गेला तरच मोजायचा, असे ठरले. २०२३ मध्ये तर टी-शर्टच बंद झाले. २०२४ च्या सुरुवातीला वेब-प्रोग्रामिंगच्या ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पावर तेच संकट आले. एका शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून तिथे बदल पाठवून दाखवला होता, आणि शेकडो विद्यार्थ्यांनी तिथेच आपापली नावे लिहून पाठवली. यात भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, हे आपण मान्य केले पाहिजे. फुकट वेळ देऊन प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला असे पाचशे बदल एकेक करून बंद करावे लागले, तर पुढच्या वेळी खऱ्या कामाकडेही तो संशयानेच पाहणार.

म्हणून कार्यक्रम ठरवताना सभागृह आणि पाहुणे यांच्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात : कोणता प्रकल्प आणि कोणत्या जातीचे काम. ‘ओपन सोर्सची ओळख’ हा विषय कार्यक्रमाला पुरत नाही. ‘वर्डप्रेसच्या अमुक प्लगइनचे मराठी भाषांतर पूर्ण करणे’ हा पुरतो. (वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळे बनवण्याचे सॉफ्टवेअर, प्लगइन म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम.) सहा आठवडे आधी त्या प्रकल्पाच्या मेंटेनरला किंवा भाषेच्या समन्वयकाला चार ओळी लिहाव्यात : आम्ही इतके जण, अमुक तारखेला, अमुक काम करणार आहोत, चालेल का, आणि त्या दिवशी तुमच्यापैकी कोणी तपासायला हजर असेल का? उत्तर आले नाही तर प्रकल्प बदलावा. परवानगीची ही पायरी गाळली की पुढचे सगळे कष्ट पाण्यात जातात.

भाषांतराचेच उदाहरण पुढे नेतो, कारण प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ते करता येते. वर्डप्रेसच्या भाषांतर-संकेतस्थळावर कोणीही खाते उघडून मराठी वाक्ये सुचवू शकतो. पण ती ‘वेटिंग’ अवस्थेत राहतात. संपादकाचे अधिकार असलेल्याने मंजूर केल्याशिवाय ती कोणाच्याही संगणकावर उतरत नाहीत. प्लगइनची स्थिर आवृत्ती ९० टक्के भाषांतरित झाली की पहिल्यांदा भाषेचे पॅकेज तयार होते. आता हिशेब करा. तीस जणांनी दुपारभरात प्रत्येकी पन्नास वाक्ये केली तर दीड हजार सूचना झाल्या. एकेक तपासायला मिनिट धरले तरी एका संपादकाचे पंचवीस तास. हे पंचवीस तास कोणी काढत नाही, सूचना तशाच पडून राहतात, आणि महिन्याभराने ‘आपले काम घेतलेच नाही’ म्हणून मुले नाराज होतात. त्यापेक्षा शे-दीडशे वाक्यांचे एकच छोटे प्लगइन घ्यावे, निम्मा वेळ भाषांतराला आणि निम्मा तपासणीला द्यावा, आणि मंजुरीचे अधिकार असलेली व्यक्ती त्याच खोलीत किंवा निदान चॅटवर बसलेली असावी. संध्याकाळी तेच प्लगइन पडद्यावर मराठीत उघडून दाखवता आले पाहिजे.

भाषांतरात नवख्यांकडून ठरावीक चुका होतात, त्या आधीच फळ्यावर लिहून ठेवाव्यात. वाक्यात टक्क्याच्या चिन्हानंतर रोमन अक्षर असते, उदा. %s. तिथे प्रोग्राम चालताना नाव किंवा आकडा येऊन बसतो. ते खोडले किंवा त्याच्या मधे मोकळी जागा पडली की प्रोग्राम अडखळतो. लिब्रेऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मेन्यूत शॉर्टकटच्या अक्षराआधी टिल्ड (~) असते, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये अधोरेषा (_), केडीई डेस्कटॉपमध्ये अँपरसँड (&). ही चिन्हे काय करतात हे माहीत नसेल तर मुले ती नीटनेटकेपणाच्या नादात काढून टाकतात. एकवचन-अनेकवचनाचे दोन रकाने असतात, ‘१ फाइल’ आणि ‘५ फायली’. दोन्ही भरावे लागतात. आणि ‘सेव्ह’ला एका ठिकाणी ‘साठवा’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘जतन करा’ होऊ नये म्हणून ‘फ्युएल’ प्रकल्पाने केलेल्या नेहमीच्या शब्दांच्या यादीची प्रत प्रत्येक टेबलावर ठेवावी. शब्दांवरचे वाद त्या दिवशी घालू नयेत.

मराठी माणसालाच नीट करता येईल असे आणखी एक काम आहे, आणि त्याकडे फारसे कोणी वळत नाही : मराठी मजकुराची चाचणी. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन प्रकारांनी साठवला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो सापडेलच असे नाही. ‘ॲ’चेही तसेच. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतंत्र स्थान आहे, तरी अनेक कीबोर्ड अजून ‘अ’वर चंद्र चढवून तो तयार करतात. वीस जणांनी हे दोन-चार शब्द लिब्रेऑफिस, दोन टेक्स्ट एडिटर, दोन ब्राउझर आणि पीडीएफ वाचणारे दोन प्रोग्राम यांत शोधून, कॉपी करून, छापून पाहावेत. दुपारभरात ठोस बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, हाती लागण्याची शक्यता चांगली आहे. बग नोंदवताना प्रोग्रामची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती, क्रमाने पायऱ्या, काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि दोनच ओळींची नमुना फाइल एवढे द्यावे. त्याआधी ताज्या आवृत्तीवर पुन्हा करून पाहावे आणि तोच बग कोणी आधी नोंदवला आहे का ते शोधावे. नमुना फाइल जोडलेली नोंद लवकर सुटते, कारण देवनागरी न वाचणारा प्रोग्रामरही ती उघडून चूक पाहू शकतो.

आता खोलीबद्दल. कार्यक्रम कोसळतात ते बहुधा विजेपायी आणि इंटरनेटपायी. तीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅटचा अडॅप्टर, म्हणजे जवळजवळ दोन किलोवॅट, २३० व्होल्टवर साडेआठ अँपिअर. वर्गातल्या सहा अँपिअरच्या एका सॉकेटवर एकापुढे एक बोर्ड जोडून हा भार टाकला की फ्यूज जातो किंवा बोर्ड तापतो. भार दोन-तीन वेगळ्या सर्किटवर विभागावा. कोणते सॉकेट कोणत्या सर्किटवर आहे ते महाविद्यालयाच्या वायरमनला आदल्या दिवशी विचारून घ्यावे. इंटरनेटचा हिशेबही असाच आहे. उबंटू या लिनक्सची डेस्कटॉप फाइल सहा जीबीच्या आसपास भरते. तीस जणांनी ती एकदम उतरवायला घेतली तर १८० जीबी झाले. १०० एमबीपीएसची जोडणी अखंड पूर्ण वेगाने चालली तरी चार तास लागतील. म्हणून मोठ्या फाइली आदल्या रात्रीच उतरवून चेकसम (फाइल बिनचूक उतरल्याची खूण) जुळवून ठेवाव्यात, आणि चार-पाच पेनड्राइव्हवर किंवा खोलीतल्याच एका संगणकावरून वाटाव्यात. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही आणि कॉपी मधेच थांबते. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा किंवा व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) वापरावे. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तिथे व्हेंटॉय पहिल्या वेळी किल्ली नोंदवायला सांगते. ती पायरी आधी एकदा करून पाहिलेली बरी.

‘इन्स्टॉल फेस्ट’बाबत आमचे मत स्पष्ट आहे : विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर त्या दिवशी घाईने लिनक्स बसवू नये. अलीकडच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क बहुधा एनक्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोजचे हे कुलूप, बिटलॉकर, ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती कुठे आहे हे मालकाला माहीत नसते. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचे आणि लॅपटॉप उघडत नाही, अशी वेळ ज्याच्यावर आली तो लिनक्सचे नाव पुन्हा काढणार नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे लॅपटॉपवर न बसवता, चालवून दाखवावे. ज्याला बसवायचेच आहे त्याने रिकव्हरी की आणि बॅकअप घेऊन वेगळ्या दिवशी यावे.

गिटहबवर, म्हणजे प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो त्या संकेतस्थळावर, काम असेल तर खाती घरूनच उघडून यायला सांगावे. एकाच जोडणीवरून तीस नवी खाती एकदम उघडली जाऊ लागली की पडताळणीत वेळ जातो. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) कामाला तिथे पासवर्ड चालत नाही, टोकन (पासवर्डऐवजी वापरायची सांकेतिक ओळ) किंवा एसएसएच किल्ली (संगणकावर साठवलेली ओळखीची फाइल) लागते. जुन्या शिकवण्या पाहून आलेली मुले पासवर्ड टाकत बसतात. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर २२ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीची वाट) बंद असेल तर एसएसएच अडकते. गिटहब तीच सोय ४४३ वरूनही देते, तेवढी सेटिंगची ओळ छापून ठेवावी. हे सगळे सांभाळायला सहा ते आठ जणांमागे एक जाणता माणूस लागतो. पाच मार्गदर्शक असतील तर चाळिसाच्या वर नोंदणी घेऊ नये.

ब्लॉगलेखन हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. कार्यक्रमानंतर व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि आठवड्यात सगळे वाहून जाते. दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेले साहित्यही भरवशाचे नसते. २ एप्रिल २०१९ पासून गूगल प्लस हे समाजमाध्यम सर्वसामान्यांसाठी बंद झाले, त्याबरोबर किती समुदायांच्या चर्चा आणि कार्यक्रमांच्या नोंदी गेल्या! मे २०२१ मध्ये फ्रीनोड या गप्पांच्या सेवेचा ताबा बदलल्यावर अनेक प्रकल्पांना आपल्या गप्पांच्या खोल्या उचलून लिबेरा चॅटवर न्याव्या लागल्या. म्हणून मूळ लेख आपल्या ताब्यातल्या साध्या संकेतस्थळावर ठेवावा. ह्यूगोसारख्या प्रोग्रामने केलेली स्थिर पाने गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात, आणि मजकूर गिटमध्ये असल्याने उद्या दुसरीकडे हलवणेही सोपे. बाकीच्या माध्यमांवर फक्त दुवा द्यावा.

लेखात काय असावे? ‘आमची अविस्मरणीय कार्यशाळा’ या मथळ्याचा लेख कोणी शोधून वाचत नाही. ‘उबंटू २४.०४ वर मराठी फोनेटिक कीबोर्ड कसा सुरू करावा’ हा मथळा वर्षानुवर्षे वाचक आणतो. त्यात आवृत्ती, तारीख आणि प्रत्येक पायरी हवी : भारतीय भाषांचे कीबोर्ड देणारे आयबस-एम१७एन पॅकेज बसवा, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, मग सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी निवडा. मधली लॉगआउटची ओळ सुटली तर नव्या पद्धती यादीत दिसत नाहीत आणि वाचक ‘लिनक्सवर मराठी चालत नाही’ असे ठरवून परत फिरतो. लेखकाला जी पायरी सवयीने दिसेनाशी झालेली असते तिथेच नवखा अडतो. त्यासाठी प्रसिद्ध करण्याआधी एका नवख्याला लेख हाती देऊन, तोंडाने काहीही न सांगता, त्याच्याकडून करून घ्यावे. आज्ञा आणि त्रुटीसंदेश चित्र म्हणून न देता मजकूर म्हणून द्यावेत. चित्रातली आज्ञा कॉपी होत नाही आणि शोधातही येत नाही.

मराठी पानांसाठी आणखी दोन बारकावे. पानाचा पत्ता रोमनमध्ये ठेवावा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी त्याचे सांकेतिक रूप उमटते. नुसत्या ‘मराठी’ या शब्दाची युनिकोडमध्ये पाच चिन्हे, त्यांची पंचेचाळीस अक्षरे होतात आणि दुवा संदेशात तुटतो. आणि पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, नोंदवावे. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र दिलेले असतात, ते ही नोंद पाहूनच ती वळणे दाखवतात.

कार्यक्रमाचा वृत्तान्त दोन दिवसांत यावा : किती बदल पाठवले, किती मंजूर झाले, प्रत्येकाचा दुवा, काय अडले, कोणता बग नोंदवला. शेवटी इंग्रजीत पाच-सहा ओळींचा सारांश जोडावा म्हणजे जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या मेंटेनरलाही तो वाचता येईल. डेबियन, ग्नोम अशा प्रकल्पांची ‘प्लॅनेट’ संकेतस्थळे सदस्यांचे ब्लॉग एकत्र दाखवतात. तिथे संपूर्ण ब्लॉग न जोडता त्या प्रकल्पाच्या टॅगची फीड (तेवढ्याच विषयाच्या लेखांची आपोआप जाणारी यादी) तेवढी द्यावी. नावे आणि छायाचित्रे परवानगीनेच वापरावीत. ज्यांना फोटो नको त्यांच्या ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची ठेवण्याची रीत मोठ्या परिषदांत आहे, ती छोट्या कार्यक्रमातही सहज पाळता येते. विद्यार्थिनींची संख्या वाढावी असे खरोखर वाटत असेल तर आचारसंहिता आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव नोंदणीच्या पानावरच असावे, आणि कार्यक्रम संध्याकाळी सहाच्या आत संपावा.

पुढची भेट पंधरा दिवसांच्या आत ठेवावी. पाठवलेल्या बदलावर मेंटेनरचा अभिप्राय यायला आठवडा जातो, तो आला की नवखा गोंधळतो, आणि नेमका त्याच वेळी मार्गदर्शक जवळ नसतो. बरीचशी गळती इथेच होते. तीन महिन्यांनी एकच आकडा पाहावा : किती जणांनी दुसरा बदल पाठवला. चाळिसातले चार जण निघाले तर तो कार्यक्रम चांगला झाला असे आम्ही मानतो. प्रायोजकांकडून जागा, इंटरनेट आणि चहा-नाश्ता घ्यावा. बक्षिसांची घोषणा नसली तर नोंदणी कमी होते, होऊ द्यावी.

आपल्या दैनिकाला एक विनंती. ‘आजचे कार्यक्रम’ सदरात अशा कार्यक्रमांची नोंद देताना प्रमुख पाहुण्यांच्या नावांबरोबर तीन गोष्टी संयोजकांकडून मागून घ्याव्यात : प्रकल्प कोणता, काम कोणते, येताना काय आणायचे. आणि नंतरच्या बातमीत उपस्थितीच्या आकड्याशेजारी मंजूर झालेल्या बदलांचा आकडा छापावा. तो विचारला जाणार हे माहीत असले की संयोजक सहा आठवडे आधी मेंटेनरला पत्र लिहायला बसतील.

आपले,
ओपन सोर्स प्रकल्पांत काम करणारे काही वाचक, पुणे